पंधरा किलो

सड्यावरच्या या विमानतळात
माझं काम वजनाचं.
बॅग काट्यावर, आकडा डोळ्यांत,
पंधराच्या वर गेला की
चेहरा न बदलता पैसे सांगायचे.

चिकटपट्टीवर छापून येतं मुंबई.
पण बॅगेला वास असतो.
सोडे, तिरफळं,
तीन पिशव्यांत गुंडाळलेली आगळाची बाटली,
घरी कुटलेला मसाला, दोन किलो तरी.
एवढं दादरला कोण नेतं?
दादरला हे सगळं मिळतं.
हे मस्कतला चाललंय.

मरियमबी खतीब वर्षातून दोनदा मुलाकडे जातात.
मुंबईपर्यंत सव्वा तास,
मग तिथल्या खुर्चीत नऊ तास, पाय सुजेपर्यंत,
मग रात्रीचं विमान.
भिंतीवरच्या नकाशावर मी सुतळी धरून पाहिली.
इथून थेट गेलं तर पावणेतीन तास.
त्या खुर्चीतल्या वेळात
माणूस तीनदा पोचेल.

"गो बाय, ह्यां इमान थेट कधी जातलां?"
विमानाला त्या इमान म्हणतात.
मी दुरुस्त करत नाही.

आत, पाण्याच्या टाकीपलीकडे, काचेच्या दोन पेट्या आहेत,
शिक्के मारणाऱ्या साहेबांसाठी बसवलेल्या.
प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
एकीत फरशी पुसायचं सामान,
दुसरीत विलास मोंडकर दुपारचा डबा खातो
आणि मी दिसले की भुवया चढवून विचारतो,
पासपोर्ट?

मार्गशीर्षात दिल्लीहून तिघं आले.
कातळावर उभं राहून त्यांनी हिशेब केला:
शिक्क्याला आठ माणसं, जकातीला सहा, एक डॉक्टर,
आगीचा बंब आणखी एक, याहून मोठा,
आणि उड्डाणं आठवड्याला दोन.
उरलेले पाच दिवस ही माणसं काय करणार?
"गरी टाकून बसतील," विलास म्हणाला,
पण हळू.
एकशे ऐंशी खुर्च्या, त्यातल्या एकशे तीस दर खेपेला भरायला हव्यात,
श्रावणातसुद्धा,
जेव्हा ढग सड्यावर म्हशीसारखा बसतो
आणि विमान दोन घिरट्या घालून गोव्यात उतरतं.

मीही मोजलं.
कार्तिक ते फाल्गुन, जुन्या पट्ट्यांच्या पाठीवर,
वासावरून, बोलण्यावरून:
मस्कत, दोहा, कुवेत मिळून चारशे बारा.
आठवड्याला वीससुद्धा नाहीत.
परत मोजलं. तेवढेच.
आकड्याशी भांडता येत नाही मला,
पोट त्याच्यावर आहे.

पण हे फक्त माझ्या काट्यावर चढलेले.
रात्रीच्या बसने गेले ते?
कुडाळला गाडीत बसले ते?
गोव्याच्या विमानतळावर पहाटे तीनला
मेव्हण्याच्या टेम्पोतून उतरले ते?
त्यांचं वजन कोणाच्या वहीत?

माझे पणजोबा वेंगुर्ल्याचे तांडेल.
फत्तेमारीत कौलं भरायची, काथ्या भरायचा,
वर जागा मिळेल तिथे माणसं.
किती जण आले ते बघून शीड उभारत नसत.
भाडं कौलांनी भरलं,
माणसं कौलांवर बसून मस्कतला गेली.
येताना खजूर, आणि वारा फिरेपर्यंत थांबलेले कोणकोण.

हे त्या तिघांना सांगायला हवं होतं.
वर माणसं, पोटात आंबा, सुरमई,
असं काहीतरी.
आंबा दोनच महिने असतो, हे त्यांनी लगेच म्हटलं असतं.
तेव्हा त्यांच्या बॅगा काट्यावर होत्या.
एकाची अठरा भरली.
मी पैसे सांगितले.

काल मरियमबी आल्या.
पंधरा किलो तीनशे.
खाली बसल्या, चेन उघडली,
तिरफळांची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.
"ऱ्हवांदे तुझ्याकडे. थेट जातलां तेव्हा नेईन."

पुडी पेटीत ठेवलीय, प्लास्टिकखाली.
विलास कुरकुरतो,
डब्यातल्या साध्या वरणालाही हल्ली
माशाच्या कढीचा वास येतो म्हणे.